तमिळ स्वयंपाकघर : एक न उतरवलेले दफ्तर

१९९३ सालच्या मे महिन्यात मी तंजावरला गेलो तो मोडी कागद पाहण्यासाठी. नुकताच इतिहास घेऊन एम. ए. झालो होतो, मोडी बऱ्यापैकी वाचता येत होती आणि तंजावरच्या भोसल्यांविषयी काहीतरी भरीव लिहावे अशी त्या वयाला शोभणारी महत्त्वाकांक्षा होती. उतरण्याची सोय एका तमिळ कुटुंबात झाली. यजमान निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली ‘मामी’ म्हणे, म्हणून मीही मामीच म्हणू लागलो. मला तमिळ येत नव्हते आणि मामींना तमिळखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. शेजारी एक तंजावरी मराठी कुटुंब राहत असे. त्या घरातले वृद्ध रायर आमचे दुभाषी. त्यांची मराठी तमिळ हेलाची, पण आपली. आमच्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला अशा मराठीचे नवल वाटत नाही, उलट जीव लागतो.

दिवसभर मी सरस्वती महाल ग्रंथालयात बसून कागद उतरवीत असे. संध्याकाळी घरी येऊन मामींच्या हातचे जेवीत असे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नाही. तो कळायला पुढे पंचवीस वर्षे जावी लागली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहाटे चारला जाग आली ती पायऱ्यांवरच्या धावपळीने. ते अग्निनक्षत्राचे दिवस होते. वैशाखातल्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांना तमिळ लोक हे नाव देतात. घरातल्या आणि शेजारच्या मिळून पाच-सहा बायका गच्चीवर जमल्या होत्या. रात्री भिजवून वाटलेल्या तांदळाचे पीठ मोठ्या पातेल्यात शिजवून त्यात मिरचीचे वाटण, मीठ आणि लिंबाचा रस घातला होता. ते गरम पीठ सोऱ्यात भरून पांढऱ्या धोतरावर चकत्या पाडणे चालू होते. याला ते ‘वडाम’ म्हणतात, म्हणजे जवळजवळ आपल्या कुरडया. सूर्य वर यायच्या आत गच्ची भरून गेली. मग काळी छत्री घेऊन कावळे हाकायचे काम घरातल्या धाकट्या मुलाकडे आले, आणि कागदांचे ग्रंथालय त्या दिवशी बंद असल्यामुळे माझ्याकडेही.

दुपारी मी रायरांमार्फत विचारले की पिठात मीठ किती घालता? मामी म्हणाल्या, “कण्णळवु.” म्हणजे डोळ्याचे माप. आणि लिंबाचा रस? “कै अळवु.” हाताचे माप. मी वहीत लिहिले, ‘प्रमाण ठरलेले नाही’. आज त्या नोंदीची लाज वाटते. प्रमाण पक्के ठरलेले होते. ते कागदावर नव्हते, एवढेच.

दगड, कथील आणि शब्द

त्या स्वयंपाकघराचे वर्णन थोडे सविस्तर करतो, कारण तसे घर आता शोधूनही सापडत नाही.

मागच्या दारी तीन दगड. पहिला अम्मी, म्हणजे पाटा, आणि त्याचा वरवंटा तो कुळवी. दुसरा आट्टुक्कल, म्हणजे कोकण-गोव्याकडचा रगडा. इडली-दोशाचे पीठ यात वाटायचे. तिसरा उरल, म्हणजे उखळ, आणि त्याचे मुसळ उलक्कै. आत गेल्यावर जमिनीशी विळी, तिला अरुवामणै म्हणत. भिंतीला टेकवलेले सूप म्हणजे मुरम. मसाल्याच्या डब्याचे नाव अंजरैप्पेट्टी, म्हणजे पाच कप्प्यांची पेटी. मोहरी, जिरे, मेथी यांच्याखाली चार नोटाही असत, हे रायरांनी हसत सांगितले. आपल्याकडे तांदळाच्या डब्यात असायच्या, तशाच.

दोन भांडी मी पहिल्यांदाच पाहिली. एक कल्चट्टी. शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडातून कोरलेले काळपट भांडे. नवे आणले की लगेच चुलीवर ठेवायचे नाही. आठवडाभर त्यात रोज तांदळाची गरम पेज ओतायची, तेल-हळद चोळायची, मग हळूहळू विस्तवाची ओळख करून द्यायची. एकदा तापले की उतरवल्यावरही आतले कालवण बराच वेळ रटरटत राहते. चिंचेच्या कोळातले आंबट पदार्थ त्यातच करायचे, कारण दगडाला आंबट बाधत नाही. दही त्यात लवकर आंबत नाही. दुसरे भांडे ईयच्चोंबू, शुद्ध कथलाचा गडू. आपण पितळेच्या भांड्याला कथलाची कल्हई देतो. हे भांडे आख्खेच कथलाचे. यात फक्त रसम. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून चोंबू रिकामा कधीही विस्तवावर ठेवायचा नाही. आधी चिंचेचे पाणी, मग जाळ. आत पाणी आहे तोवर भांड्याला धोका नाही. रसम खळखळा उकळू द्यायचे नाही, फेस वर आला की उतरवायचे. पदार्थविज्ञानाचा हा धडा मामींना कोणी शाळेत शिकवला नव्हता. सासूने शिकवला होता, आणि सासूला तिच्या सासूने.

आता या शब्दांकडे पाहा. चोंबू हा आपला चंबूच. रसमाला कन्नडमध्ये सारु म्हणतात, ते आपले सार. उन्हाळ्यात मामी ताकात मुरवून वाळवायच्या त्या मिरच्या, मोर मिळगाय, म्हणजे आपली सांडगी मिरची. मणत्तक्काळी, म्हणजे आपल्या बांधावरची कामोणी, तीही वाळवून ठेवत. बालआंबे मिठात मुरवताना त्यांना आधी एरंडेल चोळत. हे ऐकून मी तोंड वाकडे केले, आणि खाल्ल्यावर दुसऱ्यांदा मागितले.

दोन हजार वर्षांची चूल

इतिहासाच्या विद्यार्थ्याला राजांची स्वयंपाकघरे सापडतात, घरची चूल क्वचितच सापडते. या बाबतीत तमिळ भाषा भाग्यवान आहे. ‘कुरुंतोगै’ हा संघकाळातला भावकवितांचा संग्रह. त्याचा काळ ढोबळमानाने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत धरतात. त्यातल्या एका छोट्या कवितेत नवी नवरी प्रथमच नवऱ्यासाठी स्वयंपाक करते आहे. घट्ट दही कालवलेली बोटे तिने लुगड्यालाच पुसली आहेत, फोडणीचा धूर डोळ्यांत गेला आहे. नवरा जेवून एकच शब्द बोलतो, गोड आहे असा, आणि तिचा चेहरा नकळत उजळतो. फोडणी, दह्याचे आंबट कालवण आणि कौतुकाच्या शब्दाची वाट पाहणारी बाई. इतक्या शतकांत काय बदलले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरे चित्र ‘सिलप्पदिकारम’ या महाकाव्यातले. कोवलन आणि कण्णगी सर्वस्व गमावून मदुरेला येतात आणि गवळ्यांच्या वस्तीत उतरतात. गवळणी कण्णगीला तांदूळ, तूप, भाज्या आणून देतात. श्रीमंत घरची ती मुलगी स्वतः भाज्या चिरते, कोवळी बोटे लाल होतात. गवताच्या जाळावर स्वयंपाक होतो. केळीचे पान मांडून ती नवऱ्याला वाढते. जेवण आटोपून कोवलन पैंजण विकायला बाजारात जातो आणि चोरीच्या खोट्या आळावर मारला जातो. पुढे कण्णगी मदुरा जाळते, ते सर्वांना ठाऊक असते. पण कवीने त्याआधी थांबून त्या शेवटच्या जेवणाचे तपशील लिहून ठेवले. संसार मोडण्यापूर्वी तो कसा होता हे दाखवायला त्याला चूल आणि केळीचे पान पुरले.

मिरचीच्या आधीचे जेवण

त्या मुक्कामात घरात एक श्राद्ध आले. त्या दिवशीचा स्वयंपाक निराळा होता. मिरची नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही, कोबी नाही. तिखटपणा फक्त मिऱ्यांचा. कारले, फणस, सुरण, कच्ची केळी आणि कांडवेलीची चटणी. मी रायरांना कारण विचारले. ते म्हणाले, शास्त्र आहे.

शास्त्र असेल, पण त्यात इतिहासही आहे. मिरची, बटाटा आणि टोमॅटो या तिन्ही गोष्टी अमेरिका खंडातल्या. कोलंबसानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांनी मिरची इकडे आली, आणि तिच्या वाटेवरचे एक मोठे बंदर म्हणजे आपले गोवे. त्याआधी हजारो वर्षे दक्षिणेचा तिखटपणा मिऱ्यांचा होता. तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर १०१० साली पुरे झाले. चोळकाळातल्या मंदिरांच्या शिलालेखांत नैवेद्याच्या जिनसा येतात: तांदूळ, डाळ, तूप, दही, मिरी, जिरे, मोहरी, मीठ. मिरची असणे शक्यच नव्हते. ती आल्यावर तमिळांनी तिला ‘मिळगाय’ म्हटले. मिळगु म्हणजे मिरी आणि काय म्हणजे फळ. आपणही मिरीवरूनच मिरची केले. दोन्ही भाषांनी नव्या पाहुणीला जुन्या घरधनिणीचे नाव दिले. मिळगु-तण्णी, म्हणजे मिऱ्यांचे पाणी, हे इंग्रजांनी ‘मुलिगाटॉनी’ करून आपल्या सूपांत नेले, त्यातही मिरीच आहे.

रोजच्या जेवणात मिरची शिरली, बटाटा शिरला. पण वाडवडिलांच्या पानावर वाडवडिलांना माहीत असलेलेच वाढायचे, हा संकेत टिकला. आपल्याकडेही श्राद्धाला कोबी, फ्लॉवर, टोमॅटो चालत नाहीत, ते याच जातीचे. म्हणजे वर्षातून एकदा, कोणाच्याही ध्यानात न येता, त्या घरात पाचशे वर्षांपूर्वीचा स्वयंपाक होत होता. मी मात्र इतिहास शोधायला ग्रंथालयात जात होतो.

रसवांगी, डांगर आणि सांबाराची गोष्ट

तंजावर म्हटल्यावर मराठी वाचक सांबाराची वाट पाहत असणार. १६७६च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत ते राज्य भोसल्यांकडे राहिले. गोष्ट अशी सांगतात की व्यंकोजीपुत्र शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसुले संपली, म्हणून चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्या पदार्थाला सांबार म्हणू लागले. ऐकायला गोड आहे. परंतु तिला समकालीन कागदाचा आधार दाखवता येत नाही. संस्कृत ‘संभार’ म्हणजे साहित्य, सामग्री. त्यावरून मसाल्याला संभार म्हणणे स्वाभाविक आहे. विदर्भात तर आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात. अभिमानासाठी इतिहासाला वेठीस धरू नये, हे वर्गात मुलांना सांगतो, तेच इथेही सांगितले पाहिजे.

आणि त्या गोष्टीची गरजही नाही. खरे पुरावे मामींच्या ताटात होते. वांग्याच्या घट्ट कालवणाला तंजावरचे तमिळ लोक ‘रसवांगी’ म्हणतात. त्यातले वांगे कोणाच्या भाषेतले, हे आपल्याला सांगायला नको. उडदाचे पीठ दह्यात कालवून करतात ती ‘डांगर पच्चडी’, म्हणजे आपले डांगर. पुरणपोळीला ते ‘पोळी’च म्हणतात. उलट तंजावरच्या मराठी घरांनी आंबोळी-थालीपिठाच्या शेजारी इडली-रसम कधीच आपले मानले. भोसल्यांच्या आश्रयाने पाकशास्त्रावर ग्रंथही झाले. रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने सतराव्या शतकात ‘भोजनकुतूहल’ लिहिले. त्याला व्यंकोजींची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता. दुसरे सरफोजीराजे (१७९८–१८३२) यांच्या काळचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महालाने पुढे छापले. राजांचे राज्य गेले, मोडी वाचणारे संपत आले. रसवांगीतले वांगे मात्र राहिले. भाषा दरबारातून आधी जाते आणि स्वयंपाकघरातून सर्वांत शेवटी, हे आपल्या द्विभाषिक घरांना निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जुने किती जुने?

जुन्याची आठवण काढताना आणखी एक सावधगिरी ठेवावी लागते. तमिळ घराची सकाळ म्हणजे डबरा-टंबलरमधली फिल्टर कॉफी, असे आपण समजतो. वस्तुतः ही कॉफी मध्यमवर्गीय तमिळ घरांत रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांच्या २००६ सालच्या ग्रंथाचे नावच ‘त्या काळी कॉफी नव्हती’ अशा अर्थाचे आहे. त्याआधी सकाळी खायचे ते पळैय सोरु, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, ताक आणि लहान कांद्यांबरोबर. वरचे आंबूस पाणी ते नीरागारम. कॉफी आली तेव्हा तिने घरे बुडवली, प्रकृती बिघडवली, अशी तक्रार तत्कालीन वडीलधाऱ्यांनी केली होती. त्यांची नातवंडे आज त्याच कॉफीसाठी हळहळतात.

इडलीचेही तसेच. तिचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख तमिळात नसून कन्नडात आहे, इ. स. ९२०च्या सुमाराच्या ‘वड्डाराधने’ या ग्रंथात. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त ती येते, तीही नुसत्या उडदाची, तांदूळ नंतरचा. स्वयंपाकघर कधीच स्थिर नव्हते. वाहत्या पाण्याला आपण आपल्या लहानपणाच्या ठिकाणी उभे राहून नाव देतो, इतकेच.

शिवाय, मामींचे घर म्हणजे सगळा तमिळनाडू नव्हे. कावेरीकाठच्या सधन, शाकाहारी, सोवळे पाळणाऱ्या घराचे ते चित्र. कारैकुडीकडच्या चेट्टियारांचा मसाला निराळा. किनाऱ्यावर मातीच्या गाडग्यातले माशाचे कुळंबू आणि सुकटाचा वास हीच घरची आठवण. कोरडवाहू गावांत नाचणी-बाजरीची आंबील, ‘कूळ’, हेच जेवण. आपल्या सीमाभागातली आंबील तिची सख्खी बहीण. त्या घरांची पाकपुस्तके कोणी छापली नाहीत. आणि मामींच्या सोवळ्यात अडचणीच्या दिवसांत बाईला चुलीपाशी येता येत नसे, मोलकरणीला तर कधीच नाही, हेही लिहिले पाहिजे. नुसत्या गोड आठवणी लिहिल्या तर ती सांबाराचीच गोष्ट होईल.

दगडाकडून विजेकडे

हे सारे केव्हा हलू लागले? एक खूण १९५१ सालची. त्या वर्षी मद्रासमध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तुप् पार’ निघाले. नावाचा अर्थ ‘शिजवून पाहा’. लहान वयात वैधव्य आलेल्या या बाईंकडे नात्यातल्या मुली पत्रे पाठवून कृती विचारीत, त्यातून पुस्तक झाले. सासरी जाणाऱ्या, परगावी-परदेशी संसार मांडणाऱ्या मुलींच्या ट्रंकेत ते जाऊ लागले. मराठीत कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७०पासून जे केले, तेच हे. पुस्तकाची गरज लागली याचा अर्थच हा की शेजारी उभी राहून सांगणारी सासू-आई आता शेजारी नव्हती.

मग वजने बदलली. १९५८पासून देशात दशमान वजने लागू होऊ लागली. दोन आळाक्कु म्हणजे एक उळक्कु, दोन उळक्कु म्हणजे एक उरी, दोन उरी म्हणजे एक पडी. हे कोष्टक आपल्या शेर-पायली-चिपट्याबरोबर अडगळीत गेले. १९५९च्या सुमारास देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि पितळी-कांस्याच्या हंड्या फळीवर गेल्या. कोइमतूरच्या कारागिरांनी आट्टुक्कललाच मोटार लावली. दगड तोच, फिरवणारा हात गेला. शेवटी २०११ साली दोन्ही मोठ्या द्रविड पक्षांनी निवडणुकीत मिक्सर-ग्राइंडरचे आश्वासन दिले, आणि निवडून आलेल्या जयललितांच्या सरकारने शिधापत्रिकाधारक कुटुंबांना मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा फुकट वाटला. पाटा-रगड्याचा प्रश्न राज्याच्या जाहीरनाम्यात आला, हे एरवी गमतीचे वाटेल. मलाही वाटले होते. पण १९९३ची एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

मामींचा तळहात

निघण्याच्या आदल्या दिवशी मी रायरांमार्फत मामींना म्हणालो की आट्टुक्कलवर वाटलेल्या पिठाच्या दोशाची चव यंत्राला कधी यायची नाही. हे दगड सोडू नका. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी उजवा तळहात माझ्यासमोर उघडून धरला. बोटांच्या मुळाशी ओळीने घट्टे होते. मग त्या रायरांना काही बोलल्या आणि हसत आत गेल्या. रायर जरा घुटमळले, मग म्हणाले की मामी विचारतात, चव तुम्ही घेता, दगड कोण फिरवणार?

मी तो प्रसंग वहीत लिहिला नाही.

२०१९ साली शाळेच्या सुटीत पुन्हा तंजावरला गेलो. मामी आणि त्यांचे यजमान दोघेही राहिले नव्हते, रायरही नव्हते. रायरांची मुले चेन्नईला. मामींची सून बँकेत नोकरी करते. तिने आग्रहाने जेवायला बोलावले. स्वयंपाकघर नव्या पद्धतीचे, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. आट्टुक्कल मागच्या दारी होता, त्याच्या खळग्यात चिमण्यांसाठी पाणी. अम्मी मात्र आत कोपऱ्यात जपून ठेवलेली. घरच्या लग्नात नवरी तिच्यावर पाय ठेवते, म्हणून. आपल्या अश्मारोहणासारखेच. ईयच्चोंबू काचेच्या कपाटात होता. त्याच्या बुडाला भोक होते. नवीन आलेल्या बाईने रिकामाच गॅसवर ठेवला, असे सुनेने सांगितले. तिला रागावले नाही, म्हणाली, तिला कोणी सांगितलेच नव्हते.

जेवण उत्तम होते. दोशाही. ग्राइंडरच्या पिठाचा आणि दगडाच्या पिठाचा फरक मला ओळखता आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. रसमही स्टीलच्या पातेल्यातले असून चांगले होते. पण वडामविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, आता दुकानातून आणतो. सासूबाईंचे माप लिहून घ्यायचे राहिले. मी पिशवीतून १९९३ची वही काढली. तिला वाटले, तीत असेल. तीत लिहिले होते, ‘प्रमाण ठरलेले नाही’.

त्या रात्री मला माझी आई आठवली. तिच्या मेतकुटाची चव आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होती. डाळ किती भाजायची, धने केव्हा घालायचे, सगळे तिच्या हातात. ती २०१२ साली गेली. मी तंजावरच्या राजांचे घरखर्चाचे कागद अक्षर न् अक्षर उतरवून आणले, आणि माझ्या घरातले दफ्तर, जे मराठीत बोलत होते आणि विचारले असते तर रोज उत्तर देत होते, त्यातली एक ओळ उतरवली नाही. तिचा खांदा जात्याने दुखे, हेही मला आठवते. जाते परत यावे असे मला मुळीच वाटत नाही. जात्याचा, पाट्याचा, आट्टुक्कलचा भार बाईच्या हातून गेला, हे चांगलेच झाले. फक्त भार उतरवताना त्याच्यासोबत ज्ञानही उतरवून ठेवायला हवे होते, कागदावर. ते आपण, म्हणजे शिकलेल्या मुलांनी, केले नाही.

तमिळनाडूत काही जण जागे झाले. कावेरीकाठचे नेल जयरामन यांनी शेतकऱ्यांकडून भाताची शंभराहून अधिक देशी वाणे गोळा करून जगवली. २०१८ साली ते वारले, पण बियाणे राहिले. भाताचे बी जपता येते, तसे हातातले मापही जपता येईल. त्याला शेत लागत नाही, वही लागते, आणि कोणीतरी विचारावे लागते.

म्हणून गेल्या काही वर्षांत मी माझ्या शाळेतल्या नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुटीत एकच गृहपाठ देतो. घरातल्या सर्वांत वडील बाईपाशी बसायचे, तिचा एक पदार्थ आणि एका जुन्या भांड्याचे नाव तिच्याच शब्दांत उतरवायचे. ती मराठी बोलो, कन्नड बोलो, कोकणी वा उर्दू. शब्द बदलायचा नाही. वह्या येतात त्यांत शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ असतात. मी त्या दुरुस्त करीत नाही. गेल्या वर्षी एका मुलाने आजीची आंबील लिहून आणली. पाणी किती, या प्रश्नापुढे त्याने आजीचे उत्तर लिहिले होते, ‘पुरेल इतके’. त्याच्याखाली मात्र त्याने स्वतःच्या अक्षरात पुढे लिहिले होते: आजीने घातले तेव्हा मी तांब्याने मोजले. साडेतीन तांबे.

मी त्या वहीवर पूर्ण गुण दिले.